लवकर येणारं टोमॅटो: विहीर फेब्रुवारीपर्यंतच, बी कोणतं घेऊ?

बालाघाटकर (अंबाजोगाई):
रामराम मंडळी. दहा गुंठे रिकामे आहेत. विहीर फेब्रुवारीअखेर आटते. दुकानदार म्हणतो ६० दिवसांत पहिला तोडा, म्हणजे काढणी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात बी टाकलं तर डिसेंबरात माल निघंल का? मागच्या साली रोपं कोकडली, पानं मुरडून वाढ खुंटली, त्याची धास्ती आहे.

गोदाकाठ (परभणी):
दादा, इथंच सगळे फसतात. पाकिटावरचे दिवस लागवडीपासून, म्हणजे रोप रानात लावल्यापासून मोजायचे, बी टाकल्यापासून नाही. रोपाचे २५-३० दिवस वेगळे. म्हणजे पहिला तोडा जानेवारीतच, थंडी पडली तर अजून आठवडा पुढं.

पुसा रुबी ही जात लागवडीपासून ६०-६५ दिवसांत येते, बी घरचं धरता येतं. पण साल पातळ अन् कोकडा लवकर लागतो. अर्का रक्षक संकरित आहे, कोकडा, जिवाणूची मर, लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना दाद देत नाही. पीक मात्र १४० दिवसांचं, तुझे शेवटचे एक-दोन तोडे पाण्यावाचून जातील. तुझी धास्ती बघता मी रक्षकच लावीन, तेवढे तोडे सोडून.

दहा गुंठ्यांना संकरित बी १५ ग्रॅम पुरे, रुबीचं ४०-५०. गादीवाफ्यावर बोटानं अर्धा सेंटीमीटर रेघ ओढ, बी टाकून चाळलेलं शेणखत भुरभुर. पाणी झारीनं, सकाळीच. संध्याकाळी वाफा ओला राहिला की रोपं बुडाशी मान टाकतात. वर ५० मेशची, बारीक भोकांची जाळी पहिल्या दिवसापासून, कडा मातीत दाबून. रोप हलवून बघ, पिठासारखं काही उडलं तर पांढरी माशी आत शिरलीच म्हणून समज. कोकडा तीच आणते.

मोसंबीवाला (जालना):
झेंडू विसरू नका. १६ ओळी टोमॅटोला एक ओळ, फळ पोखरणारी अळी तिकडं वळते. पण लावताना झेंडूचं रोप ४० दिवसांचं लागतं, टोमॅटोचं २५, म्हणून झेंडू १५ दिवस आधी पेरायचा. उशीर झाला तर तयार रोपं आणा. आणि काळ्या रानात भेगा पडूस्तोवर तहानवून मग मोकाट पाणी देऊ नका, फळं तडकतात, बुडाला काळी पडतात. ठिबक असंल तर थोडं थोडं रोज.

बालाघाटकर:
म्हणजे भोगीच्या भाजीला जमलं तर जमलं! रक्षक घेतो, जाळी उद्या आणतो, झेंडूची रोपं शेजाऱ्याकडं आहेत. दुकानदाराला मात्र विचारणार, बाबा तू दिवस कुठून मोजतोस?