मदत हवी आहे: ऊर्जा कोडची तपासणी नेमकी कुठल्या टप्प्यावर व्हावी?

नमस्कार मंडळी,

इमारतींसाठीचे ऊर्जाबचतीचे कोड प्रत्यक्ष कामावर कसे पाळले जातात, यावर टिपण लिहितेय आणि एका ठिकाणी अडकलेय.

मागे एका साइटवर गेले होते. ड्रॉइंग चोख, भिंतीची यू-व्हॅल्यू (भिंतीतून उष्णता किती निसटते त्याचं माप) कोडात बसणारी, मंजुरीचा शिक्काही मारलेला. पण खिडकीच्या चौकटीभोवती इन्सुलेशनचे (उष्णता अडवणाऱ्या थराचे) तुकडे कसेबसे कोंबलेले होते. दोन तुकड्यांमधल्या फटीत माझं बोट सहज जात होतं. दुसऱ्या दिवशी त्यावर बोर्ड ठोकले, विषय संपला. ती फट आता इमारत पडेपर्यंत तशीच राहणार, याचं फार वाईट वाटतं.

१९७३च्या तेलसंकटानंतर कितीतरी देशांनी कोड आणले, कडक केले. अंमलबजावणीची तऱ्हा मात्र प्रत्येकाची वेगळी. अमेरिकेत देशभर एकच सक्तीचा कोड नाही, राज्यं आपापला स्वीकारतात. चीनमध्ये ड्रॉइंग तपासायला आणि कामावर देखरेखीला स्वतंत्र कंपन्या असतात. फ्रान्सच्या २०१२च्या नियमावलीने नव्या घरांना हवागळतीची चाचणी सक्तीची केली.

ही चाचणी मला आवडते, कारण तिथे कागद चालत नाही. दारात पंखा बसवून साधारण ५० पास्कल दाबफरकाला किती हवा गळते ते मोजतात. पण तिच्यात फक्त हवा कळते. इन्सुलेशन दबलंय की लावलंच नाही, ते कळत नाही. थर्मल कॅमेरा (पृष्ठभागाचं तापमान दाखवणारा) लावावा तर आत-बाहेर तापमानात पुरेसा फरक हवा.

म्हणजे झाकण्याआधी बघणं हाच खरा उपाय ना? मग तपासनीस मोजकेच असतील तर काय करायचं? आणि तपासणाऱ्याची फी बिल्डरच देत असेल, तर त्याच्या अहवालावर भरवसा कसा ठेवायचा? कुणी हे काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १
झाकण्याआधीची पाहणी झाल्याशिवाय पुढच्या कामाला परवानगीच द्यायची नाही. सगळी घरं बघणं जमत नसेल तर थोडीच बघा, पण कुठली ते साइटवर पोचल्यावर ठरवा. आधी कळवलं की तेवढीच नीट होतात. फोटो घेताना मोजपट्टी आणि खोलीचा क्रमांक फ्रेममध्ये हवाच, नाहीतर एकच फोटो दहा घरांना लावतात.

धागाकर्ती
मनापासून आभार! खोली क्रमांकाचं मला सुचलंच नव्हतं. फीबद्दल कुणाचा अनुभव आहे का? तपासनीस बिल्डरने न निवडता यंत्रणेने नेमून दिला, तर फरक पडतो का?