तुम्ही विणून दिलेल्या भेटीचं पुढे काय झालं?

सुरुवात माझ्यापासून, रत्नागिरीहून. मैत्रिणीच्या बाळाचं बारसं ऐन मे महिन्यात. बाळंतविड्यात आपल्या हातचं काहीतरी हवं म्हणून दीड महिना खपून लोकरीची कुंची विणली. गुलाबी, कडेला पांढरी शिंपल्यांची नक्षी. बारशाला ती हौसेने घातलीसुद्धा. पाळणा म्हणून होईस्तोवर बाळ लालबुंद! मैत्रिणीच्या सासूबाई मालवणकडच्या. त्या थेट म्हणाल्या, "अगो, पोराक घाम इलो, काढ ती टोपी!" कुंची निघाली ती कपाटात गेली. मित्रमैत्रिणींना, त्यांच्या पोरांना तुम्ही विणून दिलेलं वापरात आलं का? लिहा. फसलेलं आधी.

देवगड
फसलेलंच सांगते. उकाड्यामुळे लोकर सोडून सुताकडे वळले, तर सूत वेगळीच वस्तू निघाली. लोकर ताणली तर परत जागेवर येते, सूत येत नाही, आणि ओलं झालं की स्वतःच्या वजनाने लोंबतं. पहिल्या धुण्यात झबल्याचा फ्रॉक झाला! आता आधी चार इंचांचा चौकोन विणते, धुते, आडवा पसरून वाळवते, मोजते आणि मगच टाके घालते. कंटाळा येतो, पण उसवण्याचा त्याहून जास्त येतो.

टोपडं बारशाच्या मापाचं करूच नका. जन्मलेल्या बाळाचं डोकं साधारण ३५ सेंमी, वर्षाचं होईपर्यंत ते ४६च्या घरात जातं. तुमचं विणून पुरं होईस्तोवर बाळ पुढे गेलेलं असतं. गळ्याशी लांब नाड्याही नकोत.

हल्ली कपड्यांपेक्षा खेळणीच करते. मित्राच्या मुलीला क्रोशाची आंब्याची पेटी दिली. पुठ्ठ्याचं खोकं, आत खराखुरा पेंढा, सहा हापूस, त्यातला एक मुद्दाम डागी. ती आल्यागेल्याला आंबे विकते. भाव उतरवत नाही, आणि डागी आंबा खाली दडवते. हे तिला कोणी शिकवलं, विचारू नका! (प्राण्यांचे डोळे मात्र मी दोऱ्यानेच भरते. मण्यांचे लावले तर पोरं आधी तेच उपटून तोंडात घालतात.)

चिपळूण
मी विणत नाही, मला मिळालंय. मुलगा झाला तेव्हा शाळेतल्या मैत्रिणीने चौकोन जोडून दुपटं दिलं होतं. साधी अ‍ॅक्रिलिकची लोकर, रंग एकाचा एकाला नाही. खरं सांगू, मला ते आवडलं नव्हतं. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं. गाद्या, गोधड्या चिखल पिऊन एवढ्या जड झाल्या की दोघांनी ओढत नेऊन टाकल्या. दुपटं खिडकीच्या गजाला अडकलेलं सापडलं. अ‍ॅक्रिलिक पाणी धरून ठेवत नाही म्हणून ते तगलं. सात पाण्यांतून काढलं तरी प्रत्येक पाण्याला टाक्यांतून गाळ सुटत होता. एका चौकोनाच्या कडेला अजून तपकिरी रेघ आहे. मुलगा ते घेतल्याशिवाय झोपत नाही. मैत्रिणीला मी हे अजून सांगितलेलं नाही, का कोण जाणे.

गुहागर
चिपळूणकर, आज रात्रीच फोन करा तिला.
माझं थोडक्यात: मित्राच्या घरी दिलेला क्रोशाचा गोल रुमाल, मुका खांब हा एकच टाका घालघालून मान आखडली. पुढच्या भेटीत तो त्यांच्या स्कूटरच्या सीटवर दिसला. पुसायला. वर वहिनींनी विचारलं, "अजून एक देशील? छान पुसलं जातं."

मालवण
पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना? आमच्या घरात जाळी विणतात. वडिलांनी शिकवलं ते इतकंच: पट्टीवर दोरा घे, गाठ मार, जाळीचा डोळा सगळीकडे सारखा ठेव. मुंबईच्या मित्राचा मुलगा गणपतीत आला तेव्हा त्याच्या फुटबॉलसाठी नायलॉनची जाळीदार पिशवी करून दिली. पाऊण तासाचं काम. पोरगं मात्र बाजूला बसून प्रत्येक गाठ मोजत होतं आणि शंभराच्या पुढे चुकलं की मला पहिल्यापासून सांगत होतं. विणकामाच्या या चर्चेत हे बसतं की नाही, तुम्हीच ठरवा.

अलिबाग
बसतं हो! माझी एकच सूचना: खाऱ्या हवेत क्रोशाचे लोखंडी आकडे गंजतात आणि पांढऱ्या सुतावर गंजाचा डाग पडला की तो सहजी निघत नाही. भावाच्या मित्राच्या मुलीचं टोपडं असंच वाया गेलं. तेव्हापासून अ‍ॅल्युमिनियमचा आकडा. आणि एसटीत विणायचं तर क्रोशाच. आकड्यावर बहुतेक वेळा एकच फास असतो, घाटात धक्का बसून निसटला तरी तेवढाच सुटतो. दोन सुयांचं सगळंच घरंगळतं.

रत्नागिरी, पुन्हा मी
सगळं वाचून मैत्रिणीला विचारलं, कुंची आहे का गं अजून? तिच्या नणंदेकडे गेलीये, आंबोलीला. तिथल्या श्रावणातल्या धुक्यात दुसऱ्याच बाळाच्या डोक्यावर. फोटो आलाय. शिंपल्यांची नक्षी एका बाजूने उसवलीये, ती कोणीतरी हिरव्या दोऱ्याने टाचलीये. गुलाबी लोकर उरलीये माझ्याकडे. पाठवते.