मुलांसोबतचं काम: तुमचा अनुभव सांगा

माझ्या भाचीने यंदा बारावी दिली. तिला लहान मुलांमध्ये काम करायचंय. ज्याला विचारावं तो 'मग समुपदेशक हो' एवढंच म्हणतो. दुसरे रस्तेही आहेत, ते तिला चालणाऱ्यांच्या तोंडून कळावेत म्हणून हा धागा. शिक्षण, पैसे, दमणूक, सगळं मोकळेपणाने लिहा.

अंगणवाडी सेविका, डहाणू तालुका

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं. अंगणवाडी ही कल्पना तिथे रुजली. सरकारची एकात्मिक बालविकास योजना १९७५ ची, म्हणजे बरीच नंतरची. त्या वाटेवर मी काम करते याचा मला अभिमान आहे.

शिकवणं असतंच, पण दर महिन्याला वजन, उंची आणि दंडघेरही घ्यावा लागतो. दंडाच्या पट्टीवर ११.५ सेंमीच्या खाली लाल रंग, म्हणजे तीव्र कुपोषण. पट्टी काढली की मुलं रडतात. म्हणून मी आधी ती माझ्या मनगटाला गुंडाळते, मग बाहुलीच्या दंडाला, मग मूल आपणहून हात पुढे करतं. एका मुलीचा घेर ११.२ भरला. आई वीटभट्टीवर, उपचारासाठी मुलीजवळ राहायचं तर तिची मजुरी बुडणार. चार वेळा घरी गेले. पाचव्या वेळी सासूच म्हणाली, "घेऊन जा बाई तिला." पट्टी हिरव्यावर यायला तीन महिने लागले.

आम्हाला पगार नाही, मानधन असतं. मोबाईलवर नोंदी भरण्यात बराच वेळ जातो, तो मुलांचा असतो. भाचीला हे आधीच सांगा.

परिचारिका, नवजात अतिदक्षता विभाग

जीएनएम केलं, म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा कोर्स. अकराशे ग्रॅमच्या बाळाला नळीने दोन-दोन मिली दूध देताना हात थरथरून चालत नाही. कांगारू केअरसाठी बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवतो, वडिलांनाही बसवतो. एक ट्रकचालक बाबा दोन तास हलले नाहीत. मोठा श्वास घेतला तर बाळ उठेल, अशी भीती. कधी गेलेल्या बाळाचं टोपडं आईच्या हातात द्यावं लागतं. ते कसं द्यायचं हे कोणत्याच वर्गात शिकवलं नव्हतं.

स्कूलबसमधली ताई

कोण रडून आलंय हे वर्गातल्या बाईंच्या आधी मला कळतं. सगळे उतरले की शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन बघते, कोणी झोपून राहिलं नाही ना. रोज, न चुकता.

शिक्षिका, साखरशाळेत दोन हंगाम

बीडकडच्या ऊसतोड कामगारांची मुलं दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यावर येतात आणि गाळप संपलं की परततात. आईबाप पहाटेच फडावर. त्यामुळे आठ वर्षांची एक मुलगी तान्ह्या भावाला कडेवर घेऊनच शाळेत यायची. 'त्याला खोपीत ठेवून ये' म्हणणं म्हणजे तिची शाळा बंद करणं. मी वर्गातच जुन्या लुगड्याची झोळी बांधली. पायाने झोका देत ती पाढे लिहायची. सातचा पाढा अर्धा झाला आणि टोळी हलली. वही वर्गातच राहिली होती, ती मी मुकादमाबरोबर पाठवली, आठचा पाढा पुढच्या पानावर लिहून.