कमी बजेटचा सिनेमा: कुठली उणीव पैशाची, कुठली आळसाची?

रात्रपाळी:
गेल्या दोन महिन्यांत पंधराएक स्वतंत्र सिनेमे पाहिले. सगळे जेमतेम पैशांत उरकलेले. माझी पंचाईत अशी की काहींत कॅमेरा डुगडुगतो, उजेड धड नाही, तरी मी शेवटपर्यंत जागचा हललो नाही. आणि एकात चित्र एकदम चकाचक, पण वीस मिनिटांत बंद केला. का, ते धड सांगताही येत नाही. मित्र म्हणतो, "एवढ्याशा पैशांत केलंय, सांभाळून घे." मी का सांभाळून घ्यायचं? वेळ तर माझा पुरताच जातो. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना विचारतोय, पैसे नव्हते म्हणून राहिलेलं आणि कंटाळा केला म्हणून राहिलेलं, यातला फरक बघणाऱ्याला कळतो का?

बूमवाला:
बारा वर्षं साऊंड करतोय, त्यामुळे मी आवाजाचीच बाजू घेणार, हे आधीच सांगतो. तो वीस मिनिटांत बंद केलेला सिनेमा, त्याचा आवाज आठवून बघा. अंधुक चित्र लोक 'स्टाईल' समजून पचवतात. खोलीत घुमणारा संवाद कुणाला पचत नाही, आणि गंमत म्हणजे आवाजामुळे वैतागलोय हे त्यांना कळतही नाही. ते म्हणतात, "अ‍ॅक्टिंग बोअर होती."

पैसे कमी पडले की पहिली कात्री आमच्यावर. लेन्स कुठली यावर दोन दिवस खल, आणि बूम, म्हणजे माईक लावलेली लांब काठी, धरायला दिग्दर्शकाचा मावसभाऊ. चौथ्या टेकला त्याचे हात भरून येतात, माईक फ्रेममध्ये उतरतो. मग "राहू दे, लेपलवर घेऊ", म्हणजे शर्टाला लावायच्या छोट्या माईकवर, आणि अख्ख्या भांडणाच्या सीनभर शर्टाची खसखस.

आता आळसाचं उदाहरण. एका शूटला स्वयंपाकघरात सीन होता. फ्रिजची घरघर नको म्हणून तो बंद केला आणि माझ्या गाडीची किल्ली आत ठेवली. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, त्यामुळे फ्रिज परत चालू करायचा राहत नाही. आमच्या धंद्यातली जुनी युक्ती, खर्च शून्य. सीन संपल्यावर म्हटलं, तीस सेकंद सगळे गप्प उभे राहा, रूम टोन घेतो. म्हणजे त्या खोलीची नुसती शांतता. "वेळ नाही," उत्तर आलं. एडिटला बसल्यावर दोन टेकांच्या सांध्यात भरायला काहीच नाही. दर कटला मागची शांतता बदलत होती, जणू पात्रं वाक्यागणिक खोली बदलतायत. अर्धा मिनिट वाचला, सीन गेला. यात पैशांचा काय संबंध?

उलट 'एल मारियाची' (1992) घ्या. शूटिंगचा खर्च साधारण 7,000 डॉलर. कॅमेरा चालू असताना आवाज घेतलाच नव्हता. टेक झाला की तेच संवाद नटांकडून तिथेच पुन्हा म्हणवून घ्यायचे. पुढे ओठ आणि शब्द सुटायला लागले की कट. सिनेमाचा जो झपाटा लोकांना आवडला, त्यातला बराचसा या अडचणीतून आलाय.

कात्री:
आवाजाचं अगदी मान्य. पण मी एडिटर, माझ्याकडे येणारा रोग वेगळा. लेखक, दिग्दर्शक आणि निर्माता एकच माणूस, त्याला नाही म्हणणारं कुणी नाही. एकाने नायकाला चार मजले चढताना दाखवलं होतं. चारही. मी म्हटलं, एक मजला पुरे, धाप तर एकदाच लागते. तर म्हणाला, "त्या शॉटसाठी आम्ही पहाटे चारला उठलो होतो." प्रेक्षकाला त्या पहाटेशी काय देणंघेणं!

चांगली मंडळी लिहितानाच हाताशी काय आहे ते बघतात. 'क्लर्क्स' (1994) ज्या दुकानात शूट झाला, तिथे दिग्दर्शक स्वतः नोकरी करत होता. दिवसा दुकान चालू, म्हणून शूटिंग रात्री. पण गोष्ट दिवसाची, बाहेरचा अंधार दिसता कामा नये. मग गोष्टीतच घातलं की कुणीतरी कुलपात च्युइंगम कोंबलंय, शटर उघडतच नाही. मला तर यापेक्षा हुशार पटकथा-दुरुस्ती आठवत नाही.

आणि तालीम! ती तर फुकट असते. 'फॉलोइंग' (1998) वर्षभर शनिवारी-शनिवारी शूट केला, कारण सगळे नोकरदार. फिल्मचं रीळ महाग म्हणून आधी भरपूर तालमी, मग एकदोन टेकांत काम. हल्ली मेमरी कार्डावर कितीही टेक घेता येतात, त्यामुळे माझ्याकडे सतरा टेक येतात आणि सतराही तालमीसारखे.

रात्रपाळी:
बूमवाले, तुम्ही म्हणालात म्हणून तो सिनेमा काल हेडफोन लावून पुन्हा लावला. बाई बोलते तेव्हा मागे पंखा फिरतोय. नवरा बोलतो तेव्हा बंद. परत बाई, परत पंखा. आता मला संवाद ऐकूच येईनात, नुसता पंखा.

बूमवाला:
झालं. आता मोठ्या सिनेमांतही ऐकू येईल. माफ करा.