तत्त्वज्ञान विभागाचं सत्राचं वेळापत्रक: कशाला जावं, काय वाचून जावं?

मागची_रांग

विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाचं या सत्राचं वेळापत्रक लागलंय. कलोक्वियमची (विभागाच्या नियमित व्याख्यानमालेची) सहा व्याख्यानं, ‘वर्क इन प्रोग्रेस’ बैठका, एक वाचनगट, दोन दिवसांची कार्यशाळा, एक स्मृतिव्याख्यान आणि नोव्हेंबरात जागतिक तत्त्वज्ञान दिन. मी विभागाचा विद्यार्थी नाही, वाचन हौसेचं आहे आणि आठवड्यातली एकच संध्याकाळ मोकळी असते. यातलं बाहेरच्या माणसाला खुलं काय असतं? तयारी किती लागते? काही व्याख्यानं परदेशी विद्यापीठांबरोबर ऑनलाइन आहेत, त्यांच्यापुढे ‘१६ सी.टी.’ आणि ‘प्री-रीड’ असं लिहिलंय, ते काय? आणि प्रश्न विचारायचाच झाला तर रीत काय?

पूर्वपक्षी

कार्यक्रमाच्या नावावर जाऊ नका. खालच्या बारीक अक्षरांत दोन गोष्टी शोधा: कोणासाठी आहे, आणि आधी काही वाचायचंय का.

कलोक्वियम बहुतेक ठिकाणी सर्वांना खुलं असतं. बाहेरून आलेला वक्ता जवळपास पुरा झालेला निबंध मांडतो. ४५-५० मिनिटं बोलणं, पाच मिनिटं मोकळी, आणि मग जवळजवळ तेवढाच वेळ प्रश्नोत्तरं. इतर अनेक शाखांत प्रश्नांना दहा मिनिटं उरतात. इथे मात्र खरी खडाजंगी तिथेच होते, त्यामुळे टाळ्या वाजवून निघालात तर अर्धा कार्यक्रम हुकला म्हणायचा. ती मधली पाच मिनिटंही उगीच नसतात, प्रश्न कागदावर नीट लिहायला ठेवलेली असतात.

‘वर्क इन प्रोग्रेस’ म्हणजे कच्चा खर्डा. हे बहुधा विभागापुरतं असतं. मेल करून विचारायला हरकत नाही, पण तिथे ऐकलेलं बाहेर उद्धृत करायचं नाही, हा संकेत पाळावा लागतो. उद्या लेखक स्वतःच तो मुद्दा सोडून देईल. स्मृतिव्याख्यानाला तयारी नको आणि प्रश्नांनाही फारसा वाव नसतो. वाचनगटात मधेच शिरणं अवघड, पहिल्या दोन बैठकांत गेलात तरच जा.

जागतिक तत्त्वज्ञान दिन नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी असतो. युनेस्कोने तो २००२पासून सुरू केला आणि २००५मध्ये सर्वसाधारण परिषदेत त्यावर शिक्कामोर्तब झालं. तारीख १५ ते २१ यांच्यामध्ये कुठेही पडते. गेल्या वर्षीचं पत्रक उचलून नवं केलेलं असेल तर जुनी तारीख तशीच राहून जाते, म्हणून वार जुळतोय का ते पाहा.

घड्याळजी

‘सी.टी.’ म्हणजे लॅटिनमधलं ‘कुम टेम्पोरे’. जर्मन भाषक विद्यापीठांतली ही जुनी पद्धत: १६ सी.टी. लिहिलं की सुरुवात सव्वाचारला. ‘एस.टी.’ म्हणजे ‘सिने टेम्पोरे’, ठोक्याला चार. लिंकवर चारला जाऊन रिकामा पडदा दिसला तर कार्यक्रम रद्द झाला असं समजू नका.

याहून घोटाळ्याची गोष्ट घड्याळबदलाची. युरोपात उन्हाळी वेळ संपून घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तासभर मागे जातात, अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या आठवड्यात या दोन ठिकाणांतलं नेहमीचं अंतर एका तासाने कमी असतं, आणि संयुक्त व्याख्यानमाला नेमक्या याच दिवसांत ऐन भरात असतात. वसंतात हाच गोंधळ दोन-तीन आठवडे चालतो, कारण अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलते आणि युरोप शेवटच्या. जिथे घड्याळ बदलतच नाही तिथल्या श्रोत्याला दोन्हीकडून फटका बसतो.

पत्रकात ‘ईएसटी’ (अमेरिकेच्या पूर्व भागाची हिवाळी वेळ) आहे आणि तारीख सप्टेंबरची, तर लिहिणाऱ्याला बहुधा ‘ईडीटी’ (तिथलीच उन्हाळी वेळ) म्हणायचंय. म्हणजे व्याख्यान तुमच्या हिशेबापेक्षा तासभर आधी सुरू होणार. वेळ हाताने कॅलेंडरमध्ये घालू नका. पानावर आयसीएस फाइल (कॅलेंडरमध्ये वेळ आपोआप भरणारी) असेल तर ती घ्या. नसेल तर यूटीसीमधली, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतली, वेळ मेलवर विचारून घ्या.

दुसरा_आक्षेप

‘प्री-रीड’ म्हणजे निबंध आधी पाठवलेला असतो आणि वक्ता तो पुन्हा वाचून दाखवत नाही. पाच-दहा मिनिटांची प्रस्तावना, की थेट चर्चा. न वाचता गेलात तर दीड तास कोणत्या पानाबद्दल चाललंय तेच कळणार नाही. आठ हजार शब्दांच्या निबंधाला दोन तास तरी बाजूला काढा, तेही एका बैठकीत नको.

आधी गोषवारा, मग शेवटचा भाग, मग सुरुवातीपासून. लेखकाचा दावा एका वाक्यात स्वतःच्या शब्दांत लिहा. तो लिहिता येत नसेल तर पुढे वाचून उपयोग नाही, मागे जा. मग दावा ज्या गृहीतकांवर उभा आहे त्यांना समासात क्रमांक द्या आणि सर्वांत कमी आधार कोणत्याला दिलाय ते शोधा. बहुतेक वेळा ते ‘अर्थातच’ किंवा ‘हे उघड आहे’ अशा शब्दांच्या आसपास दडलेलं असतं. पान क्रमांक टिपून ठेवा, चर्चेत तोच विचारतात.

साध्या कलोक्वियमला इतकं नको. गोषवाऱ्यातली दोन-तीन पारिभाषिक नावं घ्या आणि स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफीत त्या नोंदींचा फक्त पहिला भाग वाचा. हा ज्ञानकोश १९९५पासून ऑनलाइन आणि मोफत आहे. अख्खी नोंद वाचायला बसलात तर व्याख्यानाचा दिवस उजाडेल. उत्साही मंडळी आणखी एक चूक करतात: वक्त्याचं जुनं पुस्तक वाचून जातात आणि त्यावरच प्रश्न विचारतात. समोरचा आज वेगळंच काही मांडत असतो.

दाराशी हँडआउट ठेवलेलं असेल तर उचला. काही वक्ते लिहिलेला निबंध शब्दशः वाचतात. अमेरिकन फिलॉसॉफिकल असोसिएशनच्या कलोक्वियम निबंधांची मर्यादा ३,००० शब्दांची, वाचायला साधारण वीस मिनिटं. म्हणजे मिनिटाला १५० शब्द. गुंतागुंतीचा युक्तिवाद त्या वेगात कानावरून निसटतो. क्रमांक दिलेली विधानं हातात असली की धागा परत सापडतो.

तर्कटी

वाचनगटाबद्दल पूर्वपक्षींशी पूर्ण सहमत नाही. ग्रंथ कोणता, त्यावर ते अवलंबून. प्लेटोचा ‘युथिफ्रो’ हा छोटा संवाद स्टेफानस क्रमांकांनी (एका जुन्या आवृत्तीच्या पानांनी) २ ते १६, दोन-तीन बैठकांत संपतो. पुढचा संवाद सुरू झाला की खुशाल शिरा. कांटच्या ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’मध्ये मात्र अधेमधे उडी मारू नका. संज्ञा पहिल्या शंभर पानांत ठरतात आणि नंतर कोणी थांबून समजावत नाही.

आवृत्तीबद्दल कोणी बोललं नाही अजून. प्रत्येकाच्या हातात वेगळा अनुवाद असतो, म्हणून पान क्रमांक चालत नाहीत. प्लेटोसाठी १५७८च्या स्टेफानस आवृत्तीचे क्रमांक, ॲरिस्टॉटलसाठी १८३१पासून निघालेल्या बेकर आवृत्तीचे, कांटसाठी ‘ए’ आणि ‘बी’, म्हणजे १७८१ आणि १७८७च्या आवृत्त्यांची पानं. हे क्रमांक समासात छापलेलीच प्रत घ्या. फुकटात मिळणाऱ्या कित्येक जुन्या प्रतींत ते नसतात, आणि मग ‘बी १३२ काढा’ म्हटलं की शोधाशोध. न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांत १.२.१ म्हणजे पहिला अध्याय, दुसरं आन्हिक (अध्यायाचा पोटभाग), पहिलं सूत्र. तिथे आवृत्तीगणिक एखाद-दुसऱ्या सूत्राचा फरक पडू शकतो, तेवढं ध्यानात ठेवा.

पूर्वपक्षी

मान्य. ‘युथिफ्रो’साठी माझा नियम मागे.

प्रश्नांच्या रीतीबद्दल: अध्यक्षांकडे यादी असते. बऱ्याच विभागांत पूर्ण हात वर म्हणजे नवा प्रश्न, तुम्ही यादीच्या शेवटी. एक बोट वर म्हणजे आत्ता चाललेल्या प्रश्नाला धरून छोटीशी पुरवणी, ती यादी ओलांडून आधी घेतली जाते. बोटाने रांग मोडून भलताच मुद्दा घुसवणारे सगळीकडे भेटतात. कडक अध्यक्ष त्यांना तिथेच थांबवून यादीत टाकतात. ही पद्धत सगळीकडे नाही, म्हणून पहिली पाच मिनिटं नुसतं पाहा. ऑनलाइनमध्ये चॅटवर ‘हात’ किंवा ‘बोट’ एवढंच टाकायला सांगतात, अख्खा प्रश्न तिथे लिहायचा नसतो.

प्रश्न तीन वाक्यांत बसवा: तुम्ही अमुक म्हणालात, त्यासाठी तमुक गृहीत धरलंत, पण या उदाहरणात ते टिकत नाही. उत्तरावर एक उलटप्रश्न चालतो, दुसरा नाही. ‘हा प्रश्न नाही, टिप्पणी आहे’ अशी सुरुवात झाली की सभागृह घड्याळाकडे बघायला लागतं.

न्यायसूत्रांनी वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. वादात तत्त्वनिर्णय हवा असतो, जल्पात जिंकायचं असतं, आणि वितंडेत स्वतःचा पक्षच न मांडता समोरच्याचा पाडायचा असतो. कलोक्वियम निदान कागदोपत्री तरी यातला ‘वाद’ असतो, प्रत्यक्षात कधीकधी जल्पाकडे झुकतो. केंब्रिजच्या मॉरल सायन्सेस क्लब या तत्त्वज्ञानाच्या चर्चामंडळात २५ ऑक्टोबर १९४६ला पॉपर आणि विट्गेनश्टाइन या तत्त्वज्ञांच्या चर्चेत विट्गेनश्टाइनच्या हातात शेगडीची सळई आली होती. ती धमकावायला उगारली की बोलण्याच्या ओघात नुसती हलवली, यावर त्याच खोलीत बसलेल्यांचं एकमत झालं नाही.

मागची_रांग

आभार. प्री-रीड एक, साधी कलोक्वियम दोन, असं ठरवतोय. कार्यशाळेच्या दोन दिवसांतलं एकच सत्र गाठलं तर चालतं का?

दुसरा_आक्षेप

चालतं, पण नोंदणीत तसं कळवा. खुर्च्या आणि छापील प्रती नोंदणीच्या आकड्यावरून ठरतात. सत्र निवडताना ज्याला भाष्यकार नेमलाय ते घ्या. आधी निबंध, मग पंधरा मिनिटं भाष्य, मग लेखकाचं उत्तर. नवख्या माणसाला कोणता आक्षेप महत्त्वाचा ते भाष्यकारच दाखवून देतो. आत-बाहेर दोन सत्रांच्या मधल्या सुट्टीतच करा, आणि लवकर निघायचं असेल तर दाराजवळच्या टोकाला बसा.