स्लिप डिस्क: एक्स-रे नॉर्मल, आता एमआरआय की सीटी?

प्रश्न: कंबरेतून डाव्या पायात कळ, तीन आठवडे झाले. एक्स-रे नॉर्मल. पुढे काय करावं?

प्रतिसाद १: एक्स-रेत हाडं दिसतात, मणक्यांमधली गादी (डिस्क) नाही. आधी हाताने तपासणी नीट होऊ द्या. उताणं झोपवून, गुडघा ताठ ठेवून पाय उचलायचा. ३० ते ७० अंशांत कळ गुडघ्याखाली गेली तर नस दबल्याचा संशय. नुसता मांडीमागचा स्नायू ताणला तर ते धरायचं नाही, गफलत इथेच होते. चांगला पाय उचलून दुखऱ्या पायात कळ आली तर निदान बरंच पक्कं. पायाचा अंगठा वर उचलताना कमजोर पडतो? एल-५ (कंबरेतली पाचवी नस) दबल्याचा संशय. चवड्यावर उभं राहता येत नाही? एस-१ (तिच्या खालची नस).

प्रतिसाद २: पायातली ताकद शाबूत असेल तर साधारण सहा आठवडे थांबून मग एमआरआय. 'डिस्क बल्ज' (गादी थोडी बाहेर फुगणं) काहीच त्रास नसलेल्यांतही दिसतो. रिपोर्टात कोणत्या मणक्यांमधली गादी सांगितली आहे ते आणि पायातली लक्षणं जुळायला हवीत. एमआरआयला न चालणारा पेसमेकर असेल तर सीटी मायलोग्राम (मणक्याच्या पोकळीत रंगद्रव्य टोचून केलेला सीटी). ईएमजी (स्नायू-नसांतल्या विजेच्या संकेतांची तपासणी) घाईने केली तर खोटी नॉर्मल येते.

प्रतिसाद ३: लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर थांबायचं नाही, त्याच दिवशी इमर्जन्सीत जा.