मदत हवी आहे : 'दास बोट'ची कोणती डिस्क घेऊ?

नमस्कार मंडळी. बाबांच्या पंचाहत्तरीला वोल्फगांग पीटरसनचा 'दास बोट' हा जर्मन पाणबुडीवरचा सिनेमा डिस्कवर द्यायचा आहे. बाबा माझगाव डॉकमध्ये वेल्डर होते. जर्मन आराखड्याची 'शल्की' पाणबुडी तिथे बांधली गेली, १९९२मध्ये नौदलात आली, तिच्यावर त्यांचा हात फिरलेला. त्यामुळे पाणबुडीच्या पोटातली ती घुसमट, खोल पाण्यात करकरणारा सांगाडा हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार!

अडचण अशी की सिनेमा एक आणि आवृत्त्या तीन. १९८१ची साधारण अडीच तासांची, १९९७ची दिग्दर्शकाची साडेतीन तासांची, आणि टीव्ही मालिकेची जवळपास पाच तासांची. मला मालिकाच हवी आहे. नुसती वाट बघण्यातला ताण तिच्यात पुरता उतरतो, असं माझं मत.

आता प्रश्न. आमचा ब्लू-रे प्लेअर इथलाच, म्हणजे रीजन सी. युरोपातल्या डिस्क रीजन बी. डिस्कवर रीजनचं कुलूप असेल तर ती दुसऱ्या रीजनच्या प्लेअरवर चालत नाही. जर्मनीत निघालेल्या मालिकेच्या संचावर असं कुलूप आहे का, कुणी इथे लावून पाहिलाय का? फोर-के डिस्कला रीजनचं बंधन नसतं, पण त्यासाठी प्लेअरही नवा घ्यावा लागेल. दुसरं, इंग्रजी सबटायटल्स आहेत का? डबिंग नकोच, खलाशांची जर्मन आरडाओरड मूळ आवाजातच ऐकायला हवी.

ज्यांच्याकडे संच आहे त्यांनी कृपया खोक्याच्या मागच्या बाजूचा फोटो टाका. वाढदिवसाला सहा आठवडे उरलेत.